उकळत्या पाण्याचं जेवण

येळवस आली की आमच्या शिवारातून जाणाऱ्या माणसाची खैर नसते. पुस्तकात तिला वेळ अमावस्या म्हणतात, आम्ही येळवसच म्हणतो. मार्गशीर्षाची अमावस्या. ज्वारी पोटरीत आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, करडईचे काटे अजून कोवळे असतात आणि सगळं गाव दाराला कड्या लावून रानात जेवायला गेलेलं असतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, कोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की घोंगडी अंथरायची आणि बसायचं. बाजरीच्या पिठाचे गोल उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली आंबिल आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. त्या दिवसांत रानात हिरवं म्हणून जे काही असतं, वाल, तूर, हरभरा, मेथी, चिंच, ते सगळं एका पातेल्यात शिजवून बेसन लावलेलं कालवण. ते येळवशीलाच होतं. दुसऱ्या दिवशी केलं तर त्याला ती चव येत नाही. आमच्या म्हातारीनं, म्हणजे बायकोनं, करून बघितलंय.

जळकोटच्या अलीकडं हायवेला लागून माझं रान आहे. त्यामुळं धरून आणायला माणसं कमी पडत नाहीत. येळवशीला रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची, तो नको म्हणणार, मग उठून जायचं, त्याचा हात धरायचा. तो म्हणणार, आत्ताच तिकडं खाऊन आलो. आपण म्हणायचं, आमचं पाणी कडू हाय का? तो घोंगड्यावर बसेपर्यंत सोडायचं नाही. बसल्यावर तो ताटावर हात आडवा धरतो. त्या हाताच्या फटीतून वाढायचं. पहिल्या हाकेला येऊन बसणाऱ्याला आमच्यात हावरा म्हणतात, आणि पहिल्या नकोला थांबणाऱ्या घरधन्याला काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही.

ह्यात माझा हात धरणारा शिवारात कोणी नव्हता, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. एकदा एका परमुलखातल्या ट्रकवाल्याला मी केबिनमधून खाली उतरवला. त्याला मराठी येत नव्हती, मला त्याचं काही कळत नव्हतं. जेवून उठला तेव्हा त्यानं माझ्या पायाला हात लावला. भानुदास, आमचा बांधाला बांध असलेला शेजारी, अजून म्हणतो, "आबा, त्यो पाया पडला न्हाय, सोडा म्हणत हुता." म्हणू दे. त्याच्या कोपीपुढं कोणी थांबत नाही म्हणून तो जळतो.

मी चौथी नापास आहे. पण जन्मात कोणापुढं हात पसरला नाही, आणि पंगतीत तोंडानं मागून कधी भाकरी घेतली नाही. माझ्या बापानं दोनच गोष्टी शिकवल्या. आलेल्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही, आणि आपण कोणाच्या दारात गेलो तर भूक चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही. ह्या दोन्ही जपताना कधी अडचण आली नाही. अडचण आली ती पुण्यात.

ती मागच्या साली. येळवस आठवड्यावर आली होती. माझी नात कोमल, म्हणजे माझ्या पोराची, दत्ताची थोरली, सोलापुरात नर्सिंग शिकली आणि पुढं पुण्याला जाऊन जपानी भाषा शिकायला लागली. आम्हाला वाटलं, शिकतीय तर शिकू दे, पोरगी हुशार आहे. मग एक दिवस कळलं की जपानातल्या एका वृद्धाश्रमात तिला काम लागलंय. तिथल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, उठवायचं, बसवायचं. दत्ता म्हणाला, "आबा म्हणतील तसं." त्याची बायको म्हणाली, आबा म्हणतील तसं. आमच्या घरात मोठी गोष्ट आली की सगळे माझ्याकडं बोट करून मोकळे होतात.

मी म्हणालो, न्हाय.

"का न्हाय?" म्हातारीनं विचारलं. तिला विचारायची सवय आहे.

"परक्याच्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढायला आपली पोरगी समुद्रापल्याड धाडायची? हितं काय म्हातारी कमी हायती?"

"हितल्या म्हाताऱ्याचं म्याच काढती की. तिला कशाला ठिवता?"

मी उठून रानात गेलो. ज्वारीत पाखरं उतरली होती. गोफण हातात होती पण मी मारली नाही. मला काय बोचत होतं ते मलाच धड सांगता येत नव्हतं. लोक काय म्हणतील हे होतंच. पण त्याच्याखाली दुसरं होतं. कोमल लहान असताना तिला ताप आला की ती आईकडं जायची नाही, माझ्या धोतराच्या सोग्यात येऊन झोपायची.

तिचा फोन आला. भांडली नाही. म्हणाली, "आबा, एक दिवस पुण्याला या. माझ्यासंग जेवा. मग न्हाय म्हणा."

जेवायला बोलावलेल्याला नाही म्हणता येत नाही. गेलो. एसटीत खिडकीची जागा मिळाली. सोलापूरपर्यंत आपली वाटणारी रानं होती. सोलापूर मागं पडलं, उजनीचं पाणी गेलं, आणि पुढं नुसत्या इमारती. स्टँडावर पोरगी उभी. तिनं पाया पडून माझी पिशवी घेतली. पिशवीत म्हातारीनं तिच्यासाठी शेंगाची चटणी आणि हिरवे घाटे दिले होते.

जपानी हॉटेलात शिरताना चपला काढायला लावल्या, तेव्हा मला बरं वाटलं. जिथं चपला काढून जेवायला बसतात ते घर वाईट असणार नाही, असा माझा हिशेब. पण आत टेबल होतं आणि टेबलाच्या मधोमध एक भोक. भोकात शेगडी, शेगडीवर पातेलं, पातेल्यात नुसतं पाणी. पाण्यात शेवाळासारखी एक काळी पट्टी.

"ही काय?"

"समुद्रातला पाला हाय आबा. पाण्याला चव येती."

वाढणारी बाई आली. वयानं दत्ताच्या बायकोएवढी, हिंदी बोलणारी. तिनं कमरेतून वाकून नमस्कार केला आणि ताटं मांडली. कोबी, कांद्याची पात, भुईछत्र्या, पनीरसारख्या पांढऱ्या वड्या, शेवया आणि कोंबडीच्या मांसाच्या इतक्या पातळ चकत्या की खालची ताटली आरपार दिसत होती. सगळं कच्चं.

"शिजवलं न्हाय व्हय?"

"आपुन शिजवायचं. ह्या दोन काड्यांत धरायचं, उकळत्या पाण्यात दोन-चारदा हलवायचं अन् खायचं. त्या हलवण्याच्या आवाजाचंच नाव हाय, शाबू-शाबू."

"भांडं त्यांचं, पाणी त्यांचं. मग शिजवायचं आपुन, तर ह्या बाईनं काय केलं?"

कोमल इतकी हसली की बाजूच्या टेबलावरच्यांनी बघितलं. तशी हसली की ती लहान दिसते. "आणि पोट भरंस्तोवर, आबा. पायजे तितकं. संपलं की परत आणतात."

हे मला पटलं. मोजून वाढत नाहीत म्हणजे येळवशीसारखंच की. म्हणालो, मग चांगली माणसं दिसतात.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिला कामाला लावणाऱ्या ऑफिसातल्या बाईंचा होता. ती म्हणाली, "आबा, तुम्ही सुरू करा, आलेच," आणि बाहेर गेली. आता सुरू कसं करायचं? घरची पोर उठून गेली असताना मी एकट्यानं तोंडात घालू? बसलो तसाच. पातेल्यातलं पाणी खदखदत होतं. थोड्या वेळानं ती बाई आली. ताटलीला हात लावून हिंदीत म्हणाली, बाबूजी, खाएँगे, या ले जाऊँ?

मी रीतीप्रमाणं ताटावर हात आडवा धरला. म्हणालो, "बस, बस."

आता तिनं घ्या की म्हणायला पाहिजे होतं. मग मी म्हटलं असतं, लई झालं. मग तिनं म्हणायचं होतं, असं कसं, आणि मी हात थोडा बाजूला केला असता. जगात सगळीकडं असंच असतं असं मी धरून चाललो होतो. तिनं पुन्हा कमरेतून वाकून नमस्कार केला आणि माझ्यापुढची भरली ताटं उचलून घेऊन गेली.

सकाळी निघताना एक भाकरी खाल्ली होती, एवढंच. पोटात कावळे ओरडत होते, पुढं पाणी उकळत होतं, आणि मी तोंड असं करून बसलो होतो की जसा सात पंगती जेवून उठलोय. त्या बाईला हाक मारणं काही अवघड नव्हतं. ती चार पावलांवर उभी होती, माझ्याकडं बघून हसलीही. पण बोलवून काय म्हणायचं? मला भूक लागलीय? मेलो असतो तरी म्हणालो नसतो.

कोमल आली. टेबल बघितलं. "जेवलात, आबा?"

"व्हय की. झालं."

तिनं पातेल्यात बघितलं. त्यात काही पडलं असतं तर पाण्याला तवंग आला असता, रंग आला असता. पाणी तळ दिसेल असं स्वच्छ होतं. तिनं बाईला बोलावून पुन्हा सगळं मागवलं, म्हणाली, मीच खाल्लं नाही अजून. मग काड्यांत चकती धरून पाण्यात हलवली. खरंच तसा आवाज येतो, विहिरीच्या पाण्यात कापड खळबळून धुतल्यासारखा. गुलाबी चकती डोळ्यादेखत पांढरी झाली. ती तिनं तिळाच्या कुटाच्या आमटीत बुडवून माझ्या वाडग्यात ठेवली.

"नको गं, झालंय माझं."

"एवढं एक. माझ्या हातचं."

"लई झालं."

"असं कसं आबा? इतक्या लांबून आलाव." आणि माझ्या हाताच्या फटीतून कोबी वाढला.

मी खाल्लं. कोबी अर्धा कच्चा होता आणि गोड होता. तिळाची आमटी आपल्या संक्रांतीच्या घरातली वाटत होती, फक्त गूळ काढून घेतलेली. भुईछत्री मात्र मी बाजूला ठेवली. आमच्याकडं तिला कुत्र्याची छत्री म्हणतात, नाव माहीत असलेली गोष्ट गळ्याखाली उतरत नाही. कोमल वाढत होती, मी नको म्हणत होतो, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. त्या सगळ्या हॉटेलात तसं जेवणारं आमचं एकच टेबल असेल.

पलीकडच्या टेबलावर एक जपानी म्हातारा होता. माझ्याच वयाचा, कोट घातलेला, सोबत त्याचा मुलगा असावा. वाढणारी बाई त्याच्याकडं गेली तर त्यानं वाडग्यावर हात आडवा धरला. थेट माझ्यासारखा. पाच बोटं पसरून, मान खाली. बाई वळली. पण मुलानं तिला थांबवून ताटली ठेवून घेतली आणि बापाकडं न बघता त्याच्या वाडग्यात दोन चकत्या टाकल्या. म्हाताऱ्यानं भुवया चढवल्या, आणि खाल्ल्या.

कोमल म्हणाली, "बघितलंत? तिकडची म्हातारी पण तुमच्यासारखीच असतात. तहान लागली तरी पाणी मागत न्हाईत. आम्हाला शिकवलंय, पहिल्यांदा नको म्हणाले म्हणून पाठ फिरवायची न्हाई. थांबायचं. परत इचारायचं. आमच्या वर्गातल्या पोरींना ते ध्यानात ठेवावं लागतं. मला येळवस ठाव हाय."

मी हो म्हणालो नाही, पण स्टँडवर तिनं पिशवी हातात दिली तेव्हा तिला काही तरी म्हणावं वाटत होतं. गाडी सुटली. परत येताना सगळ्या वाटेवर मी विचार करत होतो की न मागणारी म्हातारी माणसं जगात किती असतील. त्यांच्यापुढचं भरलं ताट कोणी नमस्कार करून उचलून नेत असेल. आणि ते तोंड असं करून बसत असतील की जसं जेवून उठलेत.

म्हातारीनं विचारलं, काय जेवलात?

"पाणी," मी म्हणालो. ती दोन दिवस पुण्याच्या नावानं बोटं मोडत होती.

येळवशीला कोमल गावी आली. तिला त्याच दिवशी उत्तर कळवायचं होतं. कोपीची पूजा झाली, सगळी जेवायला बसली. आमचं घर, भानुदासचं घर, रस्त्यावरून आणलेली दोन-तीन माणसं. कोमल आंबिल वाढत होती. भानुदासला राहवलं नाही. मोठ्यानं म्हणाला, "काय आबा, जपानात म्हाताऱ्या धुवायला नात धाडताव म्हणं? आमची म्हातारी पण न्हेऊन घालावी म्हणतो, थोडा सौदा करून द्या."

लोक हसले. दत्ताचा घास हातात राहिला. मी तोंड उघडायच्या आत कोमल म्हणाली, "न्हाय काका, मी न्हाय जात." आणि पुढच्या वाडग्यात आंबिल ओतली.

ते माझी मान खाली जाऊ नये म्हणून ती म्हणाली. मला दिसत होतं. इतक्या लोकांत मी हे कसं सांगू की मला दिसतंय? मला एकच भाषा येते.

म्हणालो, "का न्हाय? जा की."

ती थबकली. "नको आबा."

"जा म्हणतोय म्या. बलावलंय तर जावं."

"नको. आजीचे गुडघे हायत, तुमचं..."

"आमचं आमी बघू. तू जा." माझा आवाज चढला होता, ट्रकवाल्याच्या वेळी चढला होता तसा.

ती काही बोलली नाही. आंबिलीचं मडकं हातात धरून उभी राहिली. मी भानुदासकडं वळलो. म्हणालो, "जाणार हाय ती. अन् तुझ्या म्हातारीला धुवायला तू हाईस की, तिथवर कशाला न्हेतोस?" ह्यावर पहिल्यापेक्षा जास्त हसले. दत्ता ज्वारीकडं तोंड करून बसला होता. त्याचे खांदे हलत होते, हसण्यानं नव्हे. म्हातारीनं त्याला उठवलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला कोमल गेली.

तिकडून फोन येत राहिले. बर्फ दाखवला. रस्त्यावर पांढरं पडलेलं, कापूस फुटल्यासारखं. एक आजी दाखवली, तोंडात दात नाही, पण केस असे विंचरलेले की नवरी. ही सुरुवातीला भिंतीकडं तोंड करायची आबा, आता माझ्या हातूनच खाती, म्हणाली. मी खुश व्हायचो. पण रानात एकटा असलो की एक गोष्ट मनात यायची. पाहुण्याचा नको खोटा असतो हे मला जन्मापासून माहीत. खरा नको कसा असतो हे मला कोणी शिकवलंच नाही. त्या दिवशी तिनं नको म्हटलं ते माझ्यासाठी होतं, की तिच्या स्वतःसाठी? पोर आतून घाबरलेली असेल, जायचं नसेल, आणि मी हात धरून, आवाज चढवून तिला घोंगड्यावर बसवली असेल तर?

यंदाच्या येळवशीला सकाळी कोप उभी करत होतो तेव्हा तिचा फोन आला. तिकडं दुपार. तिला सगळं दाखवलं, पांडव, मडकं, ज्वारी. मग दत्ता पाणी आणायला गेला, म्हातारी भज्जीत गुंतलेली, तेव्हा मी विचारलं. "मागल्या साली तू नको म्हणालीस. ते खरं हुतं का गं?"

तिच्या मागं कोणी तरी खोकत होतं.

"तुम्हाला पहिल्यांदा नको म्हणाले ते तुमच्यासाठी हुतं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा म्हणाले ते खरं हुतं. लई भ्या वाटत हुतं, आबा."

"अन् तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा मी काय बोललेच न्हाई. तुम्हीच भानुदासकाकाला सांगून टाकलंत."

वारा आला. कोपीचा कडबा वाजला. मला खाली बसावं वाटलं, पण बसलो असतो तर फोनमध्ये दिसलं असतं. जन्मात कोणाला काही मागितलं नाही असा माणूस मी, पण त्या वेळी माझ्या तोंडून गेलं, "मग ये की माघारी. म्या बोलावतो. ये."

"न्हाय आबा," ती म्हणाली. "आता न्हाय. हितं माझी पाच म्हातारी हायत. भ्या वाटत हुतं ते गेलं. मला हितं राहायचंय."

हा नकार मी आजवर ऐकलेल्या नकारांसारखा नव्हता. त्यात हात आडवा धरलेला नव्हता. ती सरळ माझ्याकडं बघत बोलली, तिचा बाप कधी बोलला नाही तशी. मला लई बरं वाटलं, आणि लई वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकाच जागी.

फोन ठेवला. म्हातारी पदराला हात पुसत आली.

"काय म्हणाली?"

"ये म्हणालो. न्हाय म्हणाली."

म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "अन् मग तुमी?"

"म्या परत न्हाय इचारलं."